आजारी वडिलांना अमेरिकेत कायमचं आणावं का? माझं मत : आणावं, पण व्हिजिटर व्हिसावर नाही

कण्हेर_एडिसन

बाबा ७१ वर्षांचे. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेत, डायबिटीस वीसेक वर्षं, २०१८ ला बायपास झाली आणि गेल्या वर्षभरात क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) हळूहळू २ च्या वर सरकलंय. आई आता नाही. मी एकुलती एक, इकडे न्यू जर्सीत, सिटिझन आहे. म्हणजे बाबांचं ग्रीनकार्ड मी करू शकते, त्याला कोटा नाही आणि वर्षानुवर्षांची रांगही नाही.

इथे ज्याला विचारते तो म्हणतो अगं आजारी माणसाला अमेरिकेत कोण आणतं, दरवर्षी उन्हाळ्यात सहा महिने व्हिजिटरवर आण आणि परत पाठव. मागच्या वर्षी तेच केलं. व्हिजिटर पॉलिसी घेतली, एजंट म्हणाला प्री-एक्झिस्टिंग, म्हणजे आधीपासूनचे आजार पण कव्हर आहेत. जुलैत बाबांच्या छातीत दुखायला लागलं, इमर्जन्सीत नेलं, दोन रात्री ठेवलं, अटॅक नव्हता. बिल ३८ हजार डॉलर. कंपनीचं उत्तर काय, तर आधीपासूनच्या हार्ट डिसीजशी संबंधित, सबब नामंजूर. नंतर पॉलिसी नीट वाचली तेव्हा कळलं की कव्हर म्हणजे फक्त "अक्यूट ऑनसेट", आजार अचानक कसलीही पूर्वसूचना न देता उफाळला, चोवीस तासांत उपचार घेतले तर, आणि सत्तरीच्या पुढे त्याचीही मर्यादा अगदी कमी. हळूहळू बिघडणारी किडनी त्यात कधीच बसणार नाही. ते बिल आम्ही अजून हप्त्याने फेडतोय.

म्हणून मी या मतावर आलेय की जुना आजार असलेल्या माणसासाठी व्हिजिटर इन्शुरन्स हा इन्शुरन्सच नाही. ग्रीनकार्ड झालं की पहिल्या दिवसापासून ओबामाकेअरच्या मार्केटप्लेसवर (खासगी विमा घ्यायचा सरकारी बाजार) प्लॅन घेता येतो, तिथे जुन्या आजारावरून नाही म्हणता येत नाही, जास्त प्रीमियमही लावता येत नाही, वेटिंग पीरियड नाही. पाच वर्षं सलग राहिले की मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा. माझ्या बाबांना एकटं ठेवायला माझं मन तयार नाही. ज्यांना वाटतं मी चूक करतेय त्यांनी कारणासकट सांगा.

औंधचे_आजोबा

कारणासकट सांगतो. मी ७४ वर्षांचा, हार्टमध्ये दोन स्टेंट, डायबिटीस. मुलाने २०१७ ला ग्रीनकार्ड केलं, फ्रीमाँटला चार वर्षं राहिलो, आणि मग स्वतःहून कार्ड परत करायचा फॉर्म भरून पुण्याला आलो. इन्शुरन्स होता. तुम्ही म्हणता तसाच, जुन्या आजारासकट सगळं कव्हर. तरी आलो.

इन्शुरन्स असणं आणि डॉक्टर मिळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ताई. कार्डिऑलॉजिस्टची नव्या पेशंटची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली होती. गाडी चालवता येत नाही, बस सोयीची नाही, म्हणजे प्रत्येक अपॉइंटमेंटला मुलाची किंवा सुनेची रजा. काही दुखलं तर त्याची मिटिंग संपेपर्यंत सांगायचं नाही असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं, त्यांनी कधी तसं म्हटलं नव्हतं. इथे औंधात मी रिक्षाने जातो, डॉक्टर सतरा वर्षं ओळखतात, रक्त घ्यायला मुलगा सकाळी सातला घरी येतो, संध्याकाळी रिपोर्ट फोनवर. तुमच्या वडिलांकडे तर सीजीएचएसचं, केंद्र सरकारी नोकरांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असणार. जन्मभराची सोय आहे ती, औषधं त्यातच मिळतात. ते सोडून त्यांना कुठे नेताय?

पारिजात_टेक्सास

मी इथे डॅलसजवळ हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आजोबा, तुमचा अनुभव खरा आहे पण एक गोष्ट लोकांना माहितीच नसते म्हणून लिहिते, सरकारी पैसे घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने पेशंटला दुभाष्या फुकट द्यावा लागतो, फोनवर मराठी दुभाष्या मिळतो, मुलाची मिटिंग संपायची वाट बघायची काही गरज नाही, तुम्ही फक्त "मराठी" म्हणायचं. आणि इमर्जन्सीत कुणालाही पैशावरून परत पाठवता येत नाही, १९८६ पासून तसा कायदा आहे. बिल नंतर येतं हे खरं, पण बिलावर आधी अर्ज करून घ्या, बऱ्याच हॉस्पिटलांची फायनान्शियल असिस्टन्सची सोय असते. कण्हेर, ३८ हजाराचं आयटमाइज्ड बिल, म्हणजे एकेक गोष्ट वेगळी लिहिलेलं, मागितलंस का? नसेल तर आजच माग, हप्ते भरत बसू नकोस.

औंधचे_आजोबा

फोनवरचा दुभाष्या मला एकदा मिळाला होता. मी म्हणालो पोटात कळ येते. त्याने जे सांगितलं त्यावर नर्सने विचारलं, दहापैकी किती दुखतं. आता कळ येणं वेगळं, ठणकणं वेगळं, चमक निघणं वेगळं, मुरडा वेगळा, जळजळ वेगळी. आमच्या डॉक्टरांना "कळ" म्हटलं की ते पुढचा प्रश्न बरोबर विचारतात. म्हाताऱ्या माणसाचं निम्मं निदान या शब्दांत असतं.

सातारी_सून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कुणाला राग आला तरी चालेल. माझे दीर अटलांटाला आहेत. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, गेली अडीच वर्षं. पैसे ते पाठवतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण रिक्षाने नेणारी, चार तास बाहेर बाकावर बसणारी, पोटॅशियम वाढू नये म्हणून भाजी दोनदा उकळून पाणी काढणारी, रात्री दोनला दम लागला की गाडी काढणारी मी आहे. माझी शाळेतली नोकरी त्यातच गेली. "पुण्यात-साताऱ्यात सगळी सोय असते" असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा ती सोय म्हणजे कुणाची तरी सून किंवा लेक असते हे पण लिहा. आजोबा, तुमच्या घरात ते कोण करतं?

कण्हेरताईंचे बाबा एकटे आहेत. त्यांच्याकडे ती सोय नाही. त्यांनी न्यावं.

औंधचे_आजोबा

प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे ही करते. ती ७० ची आहे. ती नसेल तेव्हा काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, ब्युरोची मावशी ठेवू एवढंच बोलून ठेवलंय.

टोरांटोकर

कॅनडावाल्यांसाठी, कारण विषय निघालाच आहे. इकडे सुपर व्हिसावर आईवडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात पण निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी विमा वर्षभराचा दाखवावा लागतो आणि त्यात जुन्या आजारासाठी "स्टेबल" अशी अट असते, म्हणजे इतके महिने औषधाचा डोससुद्धा बदललेला नको. माझ्या वडिलांची बीपीची गोळी निघायच्या आधी दीड महिना बदलली होती, एवढ्यावरून क्लेम गेला. डॉक्टरने चांगल्यासाठी डोस बदलला आणि तेच नडलं. निघण्याआधी पॉलिसीतला तो शब्द शोधून वाचा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

मधली_सुट्टी

मला कुणाला दुखवायचं नाही पण बोलतोच. ज्या माणसाने तिथे एक दिवस काम केलं नाही, टॅक्स भरला नाही, त्याने सत्तरीत जाऊन तिथल्या लोकांच्या पैशाने औषधपाणी करावं हे मला पटत नाही. आपल्याकडे कुणी असं आलं तर आपण काय म्हणू? भारतात आता सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. इन्शुरन्सला ६५ ची वयोमर्यादा नाही राहिली, जुन्या आजाराचा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलाय, प्रीमियमवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये काढला. आपल्या देशात सोय होत असताना पळायचं कशाला.

कण्हेर_एडिसन

@मधली_सुट्टी, फुकट काहीच नाहीये हो. मी स्पॉन्सर म्हणून लिहून देते की यांचा भार सरकारवर पडणार नाही, ती सही बाबा सिटिझन होईपर्यंत किंवा त्यांचे कामाचे चाळीस क्वार्टर (साधारण दहा वर्षं) भरेपर्यंत माझ्या गळ्यात राहते. मार्केटप्लेसचा प्रीमियम आम्ही भरणार. पाच वर्षांनंतरच्या मेडिकेअरलासुद्धा काम न केलेल्यांना पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) विकत घ्यावा लागतो, २०२६ चा दर महिना ५६५ डॉलर आणि वर पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) चे २०२.९०. मी इथे अठरा वर्षं टॅक्स भरतेय. आणि सत्तरीतल्या ७१ वर्षांच्या माणसाला तीन वर्षांचा वेटिंग पीरियड म्हणजे काय, किडनी तीन वर्षं थांबेल का? आयुष्मानचं कार्ड हवं तर सीजीएचएस आणि ते यातलं एकच निवडावं लागतं. सोय चांगलीच आहे, पण रात्री बाथरूममध्ये पडले तर त्यातलं कुठलं कार्ड उठवायला येणार?

नोंदणी_मदतनीस

मी न्यू जर्सीतच लोकांना मार्केटप्लेसचे फॉर्म भरून द्यायला मदत करतो. कण्हेर, तुझं मूळ म्हणणं बरोबर आहे पण त्यात तीन खड्डे आहेत आणि त्यातले दोन नवीन आहेत, त्यामुळे २०२२-२३ ला आईवडिलांना आणलेल्या मित्रांचा अनुभव ऐकून निर्णय घेऊ नकोस.

सबसिडीचं, म्हणजे प्रीमियमला मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या मदतीचं आधी सांगतो. पूर्वी ग्रीनकार्डवर नवीन आलेल्या माणसाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असलं तरी त्याला सबसिडी मिळायची, कारण मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा) पाच वर्षं मिळत नाही. लोक त्यावरच आईवडिलांना आणायचे, प्रीमियम जवळजवळ शून्य पडायचा. २०२५ च्या नव्या कायद्याने ती वाट २०२६ पासून बंद झाली. २०२६ च्या प्लॅनसाठी एकट्या माणसाची रेषा १५,६५० डॉलर आहे. बाबांची पेन्शन, एफडीचं व्याज, घरभाडं असेल तर ते, सगळं इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, पण रुपयातली पेन्शन डॉलरमध्ये केली की बहुतेकांची त्या रेषेच्या खालीच राहते. तू त्यांना डिपेंडंट दाखवलंस तर तुमच्या घराचं उत्पन्न धरतात, मग बहुधा सबसिडीच्या वरच्या मर्यादेच्या बाहेर जाल, आणि २०२१ पासूनची वाढीव सबसिडीही २०२५ अखेर संपली. खालूनही नाही, वरूनही नाही. म्हणजे पूर्ण प्रीमियमच धरून चाल, या वयाला महिन्याला हजार डॉलरच्या पुढे धर, शिवाय उपचारांचे खिशातून वर्षाला जास्तीत जास्त १०,६०० पर्यंत (२०२६ चा आकडा). किडनीवाल्या पेशंटचा हा आकडा गाठला जातोच असं समजून हिशोब कर. पाच वर्षांचा.

दुसरं, आल्यापासून साठ दिवसांत प्लॅन घ्यायचा. जेटलॅग, पाहुणे, सत्यनारायण यात दोन महिने जातात आणि मग पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदा येणारी नोंदणीची मुदत) माणूस विम्याशिवाय. हे मी दरवर्षी बघतो.

तिसरं मुंबईच्या वकिलातीतल्या व्हिसा इंटरव्ह्यूचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने वकिलातींना सूचना दिल्यात की अर्जदाराला डायबिटीस, हार्टचा आजार वगैरे असेल तर त्याचा खर्च पुढे कोण करणार हे बघा. नकारच मिळेल असं नाही, पण तुझ्या इन्कमची, सेव्हिंगची आणि प्लॅनच्या कोटेशनची कागदपत्रं बाबांच्या फाईलमध्ये भक्कम हवीत.

पारिजात_टेक्सास

+१. आणि एक किडनीचं. "अमेरिकेत डायलिसिस कुठल्याही वयात मेडिकेअर देतं" असं ऐकून लोक येतात. ते ज्याने स्वतः किंवा ज्याच्या नवरा-बायकोने इथे काम केलंय त्याला. मुलीने काम केलं म्हणून बापाला नाही. पाच वर्षं होईपर्यंत मार्केटप्लेसचाच प्लॅन, त्यामुळे घेताना डायलिसिस सेंटर आणि नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) प्लॅनच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या यादीत आहेत का एवढं बघूनच घे, स्वस्त प्लॅनमध्ये बरेचदा नसतात.

खारीचा_वाटा

एक विचारू का. सगळा धागा वाचला, बाबा काय म्हणतात ते कुठेच नाही.

कण्हेर_एडिसन

तीन दिवस लिहिलं नाही. आयटमाइज्ड बिल मागितलं, त्यात एकच टेस्ट दोनदा लावली होती, ते भांडण चालू आहे, पारिजात तुझे खरंच उपकार.

@खारीचा_वाटा, रविवारी व्हिडिओवर बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. सातारी सूनबाईंचा प्रतिसाद वाचल्यावर ते बराच वेळ गप्प होते. आईचं शेवटचं वर्ष त्यांनी एकट्याने काढलं, मी फक्त तीन आठवडे होते, ते आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो. मग म्हणाले, माझी यायची ना नाही, पण मी आल्यावर तू नोकरी सोडणार नाहीस असं लिहून दे. आणि कळ-ठणक्याचं जे आजोबांनी लिहिलंय ते खरं आहे म्हणाले, मागच्या जुलैत त्यांना छातीत दुखत नव्हतं, जळजळत होतं, मीच घाबरून "चेस्ट पेन" सांगितलं. हे मला आत्ता कळलं.

मी हिशोब परत मांडला, पाच वर्षांचा, सबसिडी शून्य धरून. नवरा म्हणाला गाडी बदलायची राहू दे. ग्रीनकार्डचं पिटिशन या महिन्यात फाइल करतोय. त्याला निदान वर्ष लागेल, तोपर्यंत व्हिजिटरवर आणणार नाही, मीच दर चार महिन्यांनी जाणार. माझं मत बदललेलं नाही, पण "पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर" असं जे वर लिहिलं ते फार सोपं करून लिहिलं होतं.

या वर्षभराचं काय करावं ते मात्र समजत नाहीये. शेजारचे काका लक्ष ठेवतात पण ते स्वतः ७८ चे आहेत.

औंधचे_आजोबा

माझं मतही तेच आहे, त्यांनी येऊ नये. पण या वर्षाचं बघू. वडील खडकीत कुठल्या बाजूला राहतात? मला औंधातून रिक्षाने फार लांब नाही. त्यांचा फोन नंबर व्यनित (खासगी निरोपात) पाठवा, आणि त्यांना सांगून ठेवा की बुधवारी सकाळी फोन येईल. किडनीचे डॉक्टर कोण बघतात तेही लिहा, मागच्या तीन रिपोर्टांचे फोटो असले तर पाठवा.