उरणची खाडी आणि आमचं नाटक: कोळ्यांनीच उभं राहायचं का?

खाडीकाठची:
उरणमध्ये आम्ही गावातलेच लोक नाटक बसवतोय. नट कोणीच नाही. मासे विकणाऱ्या बायका, दोन रिक्षावाले, कंटेनर यार्डात कामाला जाणारी पोरं. गोष्ट आमचीच: न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, लोक हनुमान कोळीवाड्यात आले, नव्या घरांना वाळवी लागली, आणि खाडीतले जिताडे, निवट्या, चिंबोऱ्या मिळेनाशा झाल्या. बंदर १९८९ ला सुरू झालं, त्यामुळे आमच्यातल्या निम्म्यांनी जुनं गाव पाहिलेलंच नाही. माझं मत: हे कोळ्यांनीच करावं, जेट्टीवर करावं आणि त्यात गॅदरिंगछाप कोळी डान्स नसावा. वल्ही हलवून झाली तेवढी पुरे. पहिला प्रयोग अमावास्येच्या रविवारी संध्याकाळी सहाला, मोरा जेट्टीवर. शेवटच्या प्रवेशात खऱ्या पाण्यात पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचा आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरूनही लाँचने लोक येणार आहेत. बोला.

पागवाला:
माझा विरोध. २०१५ ला हरित लवादाने बंदराच्या विस्तारापायी नुकसान झालेल्या १६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी द्या म्हणून आदेश दिला. तो कागदावर मिळाला, आकडे मांडून मिळाला. कोणी रडून दाखवलं म्हणून नाही. तुम्ही म्हाताऱ्यांना उभं करणार, लोक टाळ्या वाजवणार, सेल्फी काढणार, शेवटची लाँच पकडून जाणार. आपलं दुखणं आपणच तिकीट लावून विकायचं?

खाडीकाठची:
तिकीट नाहीये, दादा.

पागवाला:
मग तर फुकटात विकलंत.

सातबारा_नाही:
कागद म्हणताय ना, तिथेच तर गोम आहे. १९८४ च्या जानेवारीत इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीच्या लढ्यात पोलीस गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के आले, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढी विकसित जमीन परत, पण ते जमीनवाल्यांना. खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर होता? कुणाच्या डोल जाळ्याचे खुंट कुठे, कुणाचं बोकशी जाळं खाडीच्या कुठल्या तोंडाला, हे सगळं तोंडी. ज्यांना ते पाठ आहे ते आता ऐंशीच्या घरात. नाटकाच्या निमित्ताने कोणी त्यांच्याजवळ वही घेऊन बसणार असेल तर नाटक पडलं तरी मला चालेल.

करंजाकर:
सगळीकडे "मासेमारी संपली, संपली" चाललंय. पहाटे आमच्या करंजा बंदरावर या, ट्रॉलर बघा, बर्फ फोडताना बघा, मग बोला. खाडीची मासेमारी गेली, हे खरं. अख्ख्या उरणची गेली असं सांगाल तर आमच्या पोरींना स्थळं कोण आणणार? आणि नाचावर एवढा राग का? हळदीला कोण नाचतं, पुणेकर? माझ्या आत्याला नाटकात नाचायचं असेल तर तिला नको म्हणणारे तुम्ही कोण?

खाडीकाठची:
पहिलं मान्य. नुसतं "खाडी" म्हणू. आत्याचं मात्र अवघड आहे. तिने हळदीत नाचावं, मीही नाचते. पण मंत्र्याच्या स्वागताला नऊवारी नेसवून उभं करतात ना, तसं दिसायला नको. आमच्यात एक धवलारीण आहे. लग्नात धवले गाते त्याच चालीवर ती जुन्या गावातल्या घरांची नावं घेते, दारांच्या क्रमाने. तालमीत ते ऐकल्यावर दुसरं गाणं सुचलं नाही.

विंगेतून:
मी नाटकवाली, म्हणून स्पष्ट सांगते. हौशी मंडळी खऱ्या आयुष्याच्या जोरावर पहिली वीस मिनिटं निभावून नेतात, नंतर आवाज पोचत नाही. जेट्टीवर वारा, त्यात लाँचचं इंजिन. चार शिकलेले नट घ्या आणि भाषा जरा सर्वांना कळेल अशी ठेवा.

खाडीकाठची:
आवाजाचं घेतलं, माइक लावू. भाषेचं नाही. एक प्रसंग सांगते. शाळेच्या हॉलमध्ये एका आजोबांनी पोरांना पाग टाकायला शिकवला. दोरी मनगटाला, एक कड दातात, बाकीचं खांद्यावर. फेकला, छान गोल उघडला, आणि शिशाचे मणी फरशीवर खडखडले. पोरं टाळ्या वाजवायला लागली. आजोबा म्हणाले, "यो आवाज पागाचा नाय." पाग गोळा केला, पिशवीत भरला आणि गेले. जेट्टी तिथे ठरली. आता हे वाक्य प्रमाण मराठीत म्हणून बघा.

हलवाला:
मी इंग्लंडमध्ये हल शहरात असतो. इथे १९६८ ला काही आठवड्यांत ३ ट्रॉलर बुडून ५८ माणसं गेली. मग खलाशांच्या बायका रस्त्यावर उतरल्या, लिलियन बिलोका पुढे. २०१७ ला त्यावर गिल्डहॉलमध्ये नाटक झालं. लोकांनी आवाज उठवला तो प्रसंग नाटकाला मिळाला, नुसतं गेलेलं वैभव नाही. पागवाल्यांचा लवादही तसाच प्रसंग आहे. तो नाटकात का नाही?

पागवाला:
हे पहिलं कामाचं बोललात. आकडे घालणार असाल तर मी कागद आणून देतो. नाटकाला येणार नाही, ते वेगळं. पण ताई, तारीख कोणी धरली? अमावास्येला संध्याकाळी सहाला मोऱ्याला ओहोटी. लाँच लागणार नाही आणि पाग चिखलात टाकाल. अष्टमी धरा. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची, आठाची सहा. सहाला भरती.