गोठ्यातला बल्ब रात्रभर लाग-विझ करायलाय, सेन्सर खराब का प्रोग्राम?

आखाड्यावरचा_पोरगा:
राम राम मंडळी, जिंतूरकडं शेतात आखाडा आहे आमचा. तिथं गोठ्यात रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) बसवलाय, त्याला बीएच१७५० लाईट सेन्सर अन् एक रिले (प्रोग्रामनं चालू-बंद होणारं बटन). अंधार पडला की ९ वॅटचा एलईडी लागावा अन् उजाडलं की बंद व्हावा, एवढंच काम. प्रोग्राम दर सेकंदाला रीडिंग घेतो, उजेड २० लक्सच्या (उजेडाचं माप) खाली गेला की चालू, वर गेला की बंद. घरी टेबलावर सेन्सर हातानं झाकून बघितलं तवा एकदम बरोबर चालायलं होतं. पण आखाड्यावर लावल्यापासून दिवस मावळला की जे टक टक सुरू होतंय ते पहाटपर्यंत. म्हशी बावचळल्यात अन् आजोबा म्हणायलेत हे काय दिवाळीचं तोरण लावलंस का. काहून होत असंल असं?

फुकटचा_सल्लागार:
भाऊ एवढ्यासाठी पाय कशाला, टायमर लाव नाहीतर रेडिमेड डे-नाईट सेन्सर मिळतोय दुकानात, दोन वायरी जोडल्या की झालं. तोफेनं चिमणी मारायलास.

आखाड्यावरचा_पोरगा:
पाय तसाबी तिथं कॅमेऱ्यासाठी लावलेलाच आहे. टायमरचं म्हणाल तर माझ्या जुन्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नाही, लाईट गेली अन् आल्यावर नेट नसलं की टाईम चुकलेलाच राहतो, मग बल्ब भर दुपारी.

सोल्डर_मास्तर:
चालू अन् बंद दोन्हीला एकच आकडा ठेवलास ना, तिथंच घोळ आहे. दोन आकडे ठेव, २० च्या खाली चालू, ५० च्या वर बंद, मधी असंल तर जे आहे ते तसंच राहू दे. अन् दर सेकंदाला निर्णय घेऊ नको, मिनिटभराच्या रीडिंगची सरासरी काढ, नाहीतर पावसाळ्यात वीज चमकली तरी बल्ब विझंल.

आखाड्यावरचा_पोरगा:
केलं मास्तर. आता टक टक सेकंदाला नाही, मिनिटाला होतंय 😅

लातूरचा_वायरमन:
सेन्सर लावलाय कुठं ते सांग आधी. अन् पूर्ण अंधारात बल्ब बंद असताना किती लक्स येतं, चालू केल्यावर किती, ते लिहून टाक इथं.

आखाड्यावरचा_पोरगा:
बल्बच्या खालीच आडूला लावलाय, हातभर अंतर असंल. आत्ताच बघितलं, बंद असताना ०, चालू केला की ६८.

लातूरचा_वायरमन:
मग झालं की. सेन्सरला तुझाच बल्ब दिसायलाय गड्या. अंधार म्हणून बल्ब लागतो, ६८ आलं की त्याला वाटतं उजाडलं, बंद करतो, परत अंधार. टेबलावर रिलेला बल्बच जोडलेला नव्हता म्हणून तिथं चाललं. मास्तरचं बरोबर आहे पण ५० चा आकडा ६८ च्या खालीच राहिला, म्हणून फरक पडला नाही. आता तो १०० वर नेऊन भागंल, पण मी तसं करणार नाही, उद्या कुणी मोठा बल्ब लावला की परत तेच. सेन्सर गोठ्याच्या बाहेर भिंतीला ने, पीव्हीसी पाईपाच्या तुकड्यात बसव अन् तोंड उत्तरेला मोकळ्या आभाळाकडं. फक्त वायर लै लांबवू नको, आयटूसी (सेन्सर ज्या पद्धतीनं पायशी बोलतो ती) मीटर-दोन मीटरच्या पुढं दगा देतो.
अन् रिलेमधून फेजच तोडतोस ना? न्यूट्रल तोडला असंल तर आजच बदल, बल्ब विझलेला असला तरी होल्डरमध्ये फेज राहतो. गोठ्यात ओल असती, अन् जनावराला माणसापेक्षा लवकर शॉक बसतो.

सोल्डर_मास्तर:
हे बरोबर, मी आकड्यातच अडकलो. अजून एक, रिलेला समांतर साधं बटन ठेव, पाय झोपला तरी आजोबांना उजेड करता आला पाहिजे. अन् रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायची सेटिंग) ओव्हरले फाइल सिस्टम, म्हणजे कार्डावर काही लिहू न देणारी सोय, चालू करता आली तर बघ, सारखी लाईट जाऊन माझी दोन मेमरी कार्डं बाद झालीत. त्यात एकच आहे, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मग दुसरीकडं साठवावं लागंल.

आखाड्यावरचा_पोरगा:
फेजच आहे, टेस्टरनं बघितलं. परवा सेन्सर बाहेर भिंतीला नेला, आता बल्ब लावल्यावर २-३ लक्सच वाढायलंय, दोन रात्री झाल्या एकदा बी टक टक नाही. आकडे २० अन् ५० च ठेवलेत. बटन उद्या बसवतो.

कापूसवाला_माजलगाव:
पाईपाच्या तोंडाला जाळी लावली का? माझ्याकडं कुंभारीण माशीनं त्यात मातीचं घर केलं होतं, भर दुपारी बारा वाजता लाईट चालू. मी तीन दिवस प्रोग्राम तपासत बसलो.

आखाड्यावरचा_पोरगा:
नव्हती 😂 आत्ता मच्छरदाणीचा तुकडा बांधून आलो.