अर्धा हंगाम सरला : मुलीला मुलांच्या संघातच ठेवावे, की मुलींच्या आइस हॉकीत आणावे?

प्रश्न : पीवीची आई

सर्वांना नमस्कार. आमची मुलगी बारा वर्षांची आहे आणि मिनेसोटात मुलांच्या पीवी (अकरा-बारा वर्षांच्या) संघातून खेळते. संघात ती एकटीच मुलगी आहे. आजवर याचे कोणालाच काही वाटत नव्हते, तिला तर मुळीच नाही. पुढच्या हंगामात मात्र तिच्या बरोबरीची मुले बँटम (तेरा-चौदा वर्षांच्या) गटात जातील, आणि तेथे अंगावर जाऊन धडक देण्याची, म्हणजे बॉडी चेकिंगची, मुभा असते. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षकांनी आम्हा दोघांना थांबवून घेतले आणि पुढचे काय ते आतापासूनच मनात घोळवायला सुचवले.

मी स्वतः बर्फावर कधी उभी राहिलेली नाही, त्यामुळे माझे सगळे ज्ञान काचेच्या अलीकडचे आहे. इतर पालकांशी बोलले की दोन अगदी उलट मते ऐकू येतात. काही जण म्हणतात की मुलांमध्ये जितकी वर्षे खेळता येईल तितकी खेळू द्यावी, कारण वेग तेथेच मिळतो. दुसरे म्हणतात की मुलींचा खेळ आता इतका वाढला आहे की ही पंचवीस वर्षांपूर्वीची समजूत झाली. घरी आम्ही पीडब्ल्यूएचएलचे सामनेही पाहतो, आणि ते पाहताना माझ्या मनात आणखी एक शंका येते : महिलांची ही व्यावसायिक लीग टिकणार आहे का? की आधीच्या लीगसारखी हीसुद्धा मुलगी मोठी होईपर्यंत बंद पडलेली असेल? या घडीला मुलींच्या आणि महिलांच्या खेळाची खरी स्थिती काय आहे, हे जाणकारांनी सांगितले तर आभारी राहीन.

उत्तर : जुना डिफेन्समन

मी बरीच वर्षे मुलांना आणि मुलींना, दोघांनाही शिकवले आहे, म्हणून आधी धडकेबद्दलच लिहितो, कारण तुमची तारीख तिच्यामुळे ठरली आहे. अमेरिकेत 2011 पर्यंत पीवी गटातच चेकिंग सुरू होत असे. त्या वर्षी यूएसए हॉकीने, म्हणजे तेथील खेळाच्या नियामक संघटनेने, ते बँटमपर्यंत पुढे ढकलले आणि 2013 मध्ये कॅनडानेही तसेच केले. म्हणजे तुमच्या मुलीला मुलांमध्ये निर्धोकपणे खेळता आलेली शेवटची एक-दोन वर्षे ही या बदलाची देणगी आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांच्या वजनात जो फरक पडतो तो एका उन्हाळ्यात पडतो. मे महिन्यात तिच्याएवढा असलेला मुलगा ऑक्टोबरमध्ये वीतभर उंच होऊन येतो.

मात्र मुलींच्या गटात धक्काच लागत नाही, असे समजू नका. तेथे बॉडी चेकिंगला मनाई आहे, परंतु पक (खेळातली रबरी चकती) मिळवण्यासाठी खांद्याला खांदा लावणे, अंग मध्ये घालून वाट अडवणे, बोर्डालगत, म्हणजे मैदानाभोवतीच्या कठड्यालगत, जागा धरून ठेवणे हे सगळे चालते. चेकिंग नसले तरी महिलांच्या खेळात डोक्याला मार बसण्याचे प्रमाण कमी नाही, ही गोष्ट या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते त्याचे एक कारण असे की धक्का कसा घ्यावा, मान वर ठेवून कसे खेळावे, बोर्डापासून किती अंतरावर वळावे, हे मुलींना कोणी रीतसर शिकवतच नाही. नियमात धडक नाही ना, मग शिकवायचे कशाला, असा आपल्याकडच्या बऱ्याच प्रशिक्षकांचा हिशेब असतो, आणि मला तो अजिबात पटत नाही. महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा 1990 मध्ये ओटावात झाली तेव्हा चेकिंगला परवानगी होती. ती नंतर काढून घेतली गेली. आता वारे पुन्हा उलट फिरते आहे. स्वीडनच्या महिला लीगने 2022-23 पासून चेकिंग आणले, आणि पीडब्ल्यूएचएलमध्येही पकसाठी झगडताना बोर्डालगत बरीच मोकळीक असते. तेव्हा मुलीला कोणत्याही गटात घाला, पण धक्का पचवायला शिकवणारा प्रशिक्षक आहे की नाही, हे आधी पाहा.

संख्येचे म्हणाल तर 1990-91 मध्ये यूएसए हॉकीकडे नोंदलेल्या मुली आणि महिला सुमारे 6,300 होत्या. आज तो आकडा 90,000 च्या पुढे आहे. मिनेसोटाने 1994 मध्ये हायस्कूलच्या मुलींच्या हॉकीला अधिकृत मान्यता दिली आणि 1995 मध्ये पहिली राज्य स्पर्धा भरवली. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. शिवाय येथे सातवी-आठवीतली मुलगी पुरेशी तयार असेल, तर तिला थेट हायस्कूलच्या मुख्य संघातून खेळता येते. पुढे अमेरिकेच्या ऑलिंपिक संघातून खेळलेल्या नॅटली डार्विट्झ सातवीत असतानाच ईगन हायस्कूलकडून खेळू लागल्या होत्या. म्हणजे तुमच्या मुलीसमोर बँटम आणि मुलींचा वयोगट एवढ्या दोनच वाटा नाहीत. तिसरीही आहे, आणि ती फार लांब नाही.

उत्तर : तिसऱ्या रांगेतला प्रेक्षक

लीग टिकेल का, या प्रश्नापुरते लिहितो, बाकी माझा अधिकार नाही.

आपली भीती निराधार नाही. कॅनडातली सीडब्ल्यूएचएल ही महिलांची लीग 2019 च्या वसंतात अचानक बंद झाली. 2015 मध्ये सुरू झालेली एनडब्ल्यूएचएल पुढे पीएचएफ या नावाने चालली, पण नावाजलेल्या बहुतेक खेळाडूंनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. 2023 च्या जूनमध्ये ती विकत घेऊन गुंडाळण्यात आली आणि तिच्या जागी आजची लीग उभी राहिली. 1 जानेवारी 2024 रोजी टोरंटोत पहिला सामना झाला, तेव्हा सहा संघ होते. 2025-26 च्या हंगामात व्हँकूव्हर आणि सिअ‍ॅटल धरून ते आठ झाले. आधीच्या लीगमध्ये आणि हिच्यात मला दिसणारा ठळक फरक असा, की हिच्या पहिल्या सामन्याआधीच खेळाडूंच्या संघटनेशी 2031 पर्यंतचा करार झाला होता. त्यानुसार पहिल्या हंगामात किमान वेतन 35,000 डॉलर आणि संघाचे सरासरी वेतन 55,000 डॉलर ठरले. ही रक्कम कोणाला श्रीमंत करणारी नाही, परंतु दिवसा दुसरी नोकरी करून रात्री दहाला सरावाला येण्याचे दिवस त्यामुळे बहुतेकींसाठी संपले. 20 एप्रिल 2024 रोजी माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये माँट्रियल-टोरंटो सामन्याला 21,105 प्रेक्षक होते.

अर्ध्या हंगामाच्या गुणतक्त्याबद्दलही थोडे लिहितो, कारण तो पाहून लोक फार लवकर निष्कर्ष काढतात. येथे नियमित वेळेत जिंकल्यास तीन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेक खेळाडू विरुद्ध गोलरक्षक) जिंकल्यास दोन आणि तसे हरल्यास एक गुण मिळतो. त्यामुळे दोन सामन्यांत सहा गुणांची दरी बुजते. 2024 मध्ये मिनेसोटा नियमित हंगामातले शेवटचे पाचही सामने हरला आणि अखेरच्या दिवशी ओटावाचा पराभव झाला म्हणूनच कसाबसा चौथा, म्हणजे बाद फेरीत जाणारा शेवटचा, राहिला. अव्वल संघाला उपांत्य फेरीचा प्रतिस्पर्धी निवडू देण्याचा या लीगचा नियम आहे. पहिल्या आलेल्या टोरंटोने साहजिकच मिनेसोटाला निवडले, पहिले दोन सामने जिंकले आणि पुढचे तीन हरले. करंडक मिनेसोटाने नेला. 2025 मध्ये पहिल्या आलेल्या माँट्रियलने ओटावाला निवडले आणि तोही त्याच फेरीत बाद झाला. मिनेसोटा त्या वर्षीही अखेरच्या दिवशीच पात्र ठरला होता आणि करंडक पुन्हा त्यानेच नेला. प्रतिस्पर्धी निवडण्याचा मान आता मान आहे की शाप, यावर आमच्या रांगेत दर सामन्याला वाद होतो. 2025-26 मध्ये तर नव्या दोन संघांनी जुन्या प्रत्येक संघातून चार-चार खेळाडू नेले आणि फेब्रुवारीत ऑलिंपिकसाठी लीगला विश्रांतीही होती. जानेवारीतला तक्ता पाहून कोणी छातीठोकपणे भाकीत करत असेल, तर त्याच्या आत्मविश्वासाचे मला कौतुक वाटते, एवढेच.

उत्तर : गोलीची आई

वरची दोन्ही उत्तरे वाचली. आकडे खरे आहेत, पण मुलींच्या खेळातला रोजचा प्रश्न त्यांत दिसत नाही, म्हणून थोडा कडवट सूर लावते.

देशभरात 90,000 मुली असल्या, तरी तुमच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, त्या किती आहेत, यावर सगळे अवलंबून आहे. आमच्या संघटनेत (नाव लिहीत नाही) दोन वर्षांपूर्वी एका वयोगटात अकराच मुली उरल्या. मग शेजारच्या गावाबरोबर संयुक्त संघ झाला, सराव दोन रिंकवर विभागला गेला आणि आमच्या आठवड्याला चार तासांचा प्रवास चिकटला. मुलींच्या संघात कौशल्याची तफावतही मोठी असते : पाच वर्षांची असल्यापासून खेळणारी आणि गेल्या वर्षी स्केट बांधलेली, दोघी एकाच ओळीत. जी पुढे असते तिला पहिले काही आठवडे कंटाळा येतो. माझ्या मुलीचे उलट झाले. मुलांच्या संघात ती दुसरी गोली, म्हणजे गोलरक्षक, होती आणि चार सामन्यांतून एकदा उभी राहायची. मुलींकडे आल्यावर प्रत्येक सामन्यात तीसेक फटके अंगावर घेऊ लागली आणि एका हंगामात जेवढी सुधारली तेवढी आधीच्या तीन वर्षांत सुधारली नव्हती.

म्हणून माझे सांगणे असे, की वेग, दर्जा, पुढचे महाविद्यालय, लीग हे सगळे क्षणभर बाजूला ठेवा आणि येत्या दोन-तीन सामन्यांत घड्याळ घेऊन बसा. तिला किती शिफ्ट (बर्फावर उतरण्याच्या पाळ्या) मिळतात, पॉवर प्लेला, म्हणजे शिक्षेमुळे समोरचा एक खेळाडू कमी असताना, ती बर्फावर असते का, पिछाडीवर असताना शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक तिला पाठवतात का, आणि मुख्य म्हणजे पक तिच्या स्टिकवर किती वेळ राहतो, हे लिहून काढा. वेगवान मुलांच्या मागे धावणे हा व्यायाम झाला. खेळ पकबरोबर शिकला जातो. आणखी एक गोष्ट. संघात एकटी असलेल्या मुलीला बहुतेक रिंकवर वेगळ्या खोलीत कपडे बदलावे लागतात, आणि सामन्याआधीच्या अर्ध्या गप्पा तिच्या कानावर पडतच नाहीत. बाराव्या वर्षी हे चालून जाते. चौदाव्या वर्षी मुली त्याच कारणाने खेळ सोडतात, आणि घरी कारण वेगळेच सांगतात.

जाता जाता : गळ्याचे संरक्षक कवच 1 ऑगस्ट 2024 पासून यूएसए हॉकीने सर्व मुलामुलींना सक्तीचे केले आहे. संघ बदलला तरी तो नियम बदलत नाही, तेव्हा ते नीट बसणारे घ्या.

पीवीची आई

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभार. काल घड्याळ घेऊन बसले. बावीस शिफ्ट झाल्या, म्हणजे बर्फावरचा वेळ कमी नाही. परंतु पक स्टिकवर राहण्याचा एकूण वेळ चाळीस सेकंदही भरला नाही, आणि पॉवर प्लेला ती तिन्ही वेळा बाकावर होती. घरी येताना गाडीत तिला सहज विचारले, की खोलीत एकटी असतेस तेव्हा काय करतेस. ती म्हणाली, "स्टिकला टेप गुंडाळते. मग उकलते. मग परत गुंडाळते."

पुढच्या शनिवारी मुलींच्या संघाच्या सरावाला तिला पाहुणी म्हणून नेण्याची परवानगी मी तेथील प्रशिक्षिकेकडे मागितली आहे.

जुना डिफेन्समन

नेताना एवढेच विचारा, की धक्का घ्यायला त्या कोणत्या महिन्यात शिकवतात. "आमच्याकडे त्याची गरज पडत नाही" असे उत्तर आले, तर सराव पाहून घरी या आणि हायस्कूलच्या प्रशिक्षकांना फोन करा.