पहिली गुंतवणूक म्हणून हप्त्यावरचा प्लॉट घ्यावा का? (नागपूर)

खापरी लोकल:
नमस्कार मंडळी. वय 29, मिहानमध्ये (विमानतळालगतचा उद्योग प्रकल्प) नोकरी, हातात 68 हजार येतात. साठवलेले 9 लाख आहेत. नंदनवनला बाबांचं घर आहे, त्यामुळे राहायचा प्रश्न नाही. गुंतवणूक म्हणून पहिली जागा घ्यायची आहे.

गेल्या रविवारी लेआउटवाले स्वतःच्या गाडीतून साइटवर घेऊन गेले. बुटीबोरीच्या अलीकडे, वर्धा रोडवरून आत. आजूबाजूला तूर, मधून मुरमाचा रस्ता, चुन्याच्या रेघा आणि सगळ्याच्या आधी बांधून झालेली भलीमोठी कमान. 1,500 फुटांचा प्लॉट, 1,200 रुपये फूट, म्हणजे 18 लाख. आत्ता 8 लाख भरायचे, उरलेले 10 लाख 25 महिने 40-40 हजारांनी, बिनव्याजी. रजिस्ट्री शेवटच्या हप्त्यानंतर. बाबा म्हणतात, "जमीन कोणी उचलून नेत नाही." मी तिथल्या तिथे 21 हजार बयाणा दिला आणि आता झोप येत नाही. काय करू?

प्रतापनगरचे काका:
घेऊन टाक भाऊ. मी 1996 मध्ये मनीषनगरकडे प्लॉट घेतला तेव्हा सगळे हसले होते. "फाटकाच्या पलीकडे कोण राहते बाप्पा?" अर्धा अर्धा तास फाटकापाशी उभं राहावं लागे, पावसाळ्यात स्कूटर चिखलात. बायकोच्या बांगड्या मोडल्या होत्या मी. आज त्याच जागेवर दोन मजले आहेत, खालचा भाड्यानं दिलाय. तेव्हा हिशेब करत बसलो असतो तर आजही हिशेबच करत बसलो असतो.

हिशेबवाली:
काका, बांगड्यांचं सोनं झालं याचा आनंदच आहे. पण ज्यांचं झालं नाही ते इथे लिहायला येत नाहीत. मी बँकेत कर्जाच्या फायली बघते, ते लोक माझ्या टेबलापाशी येतात.

खापरीभाऊ, तुमचे 40 हजार पगाराच्या जवळपास साठ टक्के आहेत आणि हाती फक्त एक लाख उरतो. दोन महिने नोकरी गेली तर हप्ता कुठून द्याल? पण मला त्याहून रजिस्ट्रीचं जास्त खटकतं. रेरा, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जागा 500 चौरस मीटरच्या वर असेल तर प्लॉटच्या लेआउटलाही हे लागू आहे. तुमच्याकडून करार न नोंदवता 8 लाख घेणार असतील, तर ते 44 टक्के झाले. 25 महिने तुमच्या हातात फक्त पावत्या. मधेच त्यांनी तोच प्लॉट दुसऱ्याला विकला किंवा जमिनीवर कर्ज काढलं तर तुम्ही पावत्या घेऊन वकिलाकडे.

आणि "बिनव्याजी"बद्दल एकच प्रश्न विचारा: सगळे पैसे आज दिले तर भाव काय?

खापरी लोकल:
विचारलं होतं. 1,050 म्हणाले.

हिशेबवाली:
मग बघा. रोखीनं तोच प्लॉट 15 लाख 75 हजारांना. तुम्ही 8 भरले की बाकी राहिले 7 लाख 75 हजार, आणि त्याचे तुम्ही फेडणार 10 लाख, तेही दोन वर्षांत. हे वर्षाला जवळपास 25 टक्के व्याज झालं. एवढ्या दरानं आमच्याकडे कर्ज घ्यायला कोणी येणार नाही, पण "बिनव्याजी" म्हटलं की रांग लागते.

कोराडी रोड:
माझ्या बाबांनी 2008 मध्ये मिहानच्या गाजावाजात 6 लाखांना प्लॉट घेतला. 2021 मध्ये 14 लाखांना गेला. घरात पेढे वाटले. मी नंतर मांडून पाहिलं तर 13 वर्षांत वर्षाला पावणेसात टक्के पडले. त्यात दर दिवाळीला जाऊन तारेचं कुंपण नीट करणं, झुडपं काढणं, आणि शेजाऱ्यानं दोन फूट आत रोवलेला दगड काढायला लावणं, हे धरलेलंच नाही. तेव्हा एफडीला साडेआठच्या आसपास मिळत होते.

मेट्रोचा प्रवासी:
प्लॉट नको, जुना टू बीएचके घे. मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर 36 लाखांत मिळतो. भाडं 13 हजार पहिल्या महिन्यापासून. प्लॉटवर फक्त गवत उगवते.

हिशेबवाली:
36 लाखांवर बँकेचे 80 टक्के धरा, 28 लाख 80 हजार. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 25 हजार. भाडं वजा जाता दरमहा 12 हजार खिशातून, मेंटेनन्स वेगळा. आणि स्टॅम्प ड्युटी, नोंदणी बँक कर्जात धरत नाही. ती धरली की यांचे 9 लाख पुरतच नाहीत.

मेट्रोचा प्रवासी:
ते 12 हजार म्हणजे त्याची सक्तीची बचतच आहे ताई. नाहीतर दर दोन वर्षांनी फोन बदलेल.

प्रतापनगरचे काका:
हेच म्हणतो मी! आणि समृद्धी पूर्ण झाली राजेहो, 701 किलोमीटर. वर्धा रोड थांबणार आहे का? तुमच्या हिशेबात माणूस म्हातारा होऊन जाईल, प्लॉट काही होणार नाही.

हिशेबवाली:
समृद्धीच्या नावानं भाव आधीच चढवून विकताहेत काका. तुमचा प्लॉट फळला, कारण रजिस्ट्री तुमच्या नावावर होती आणि तुम्ही तिथं राहायला गेलात. मीही घेऊ नका म्हणत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, दोन वर्षं साठवा, मग घ्या. कर्जावरच घ्या, कारण बँकेचा वकील सातबारा, एनए (जमीन बिगरशेती झाली का), लेआउटची मंजुरी तपासतो. ज्या लेआउटवर एकही सरकारी बँक कर्ज देत नाही, तिथून परत फिरा. "आरएल (प्लॉटसाठीचं प्राधिकरणाचं पत्र) नंतर मिळून जाईल" हे वाक्य ऐकलं तरी परत फिरा.

प्रतापनगरचे काका:
रजिस्ट्रीचं म्हणणं बरोबर आहे, ते मानतो. माझी आठ दिवसांत झाली होती. बाकी काही मानत नाही.

खापरी लोकल:
आज ऑफिसात जाऊन आलो. महारेरा नंबर (रेराखाली लेआउटची नोंदणी झाल्याचा) मागितला, तर पॅम्फ्लेटवर छापलाय म्हणाले. महारेराच्या वेबसाइटवर टाकून पाहिला, तो त्यांच्याच दुसऱ्या फेजचा निघाला, माझा प्लॉट त्यात नाही. कोणती बँक कर्ज देते विचारलं, तर "साहेब, आम्हीच तुमची बँक." 10 टक्के घेऊन करार नोंदवा म्हटल्यावर चहा सांगितला आणि मॅनेजर आतल्या केबिनमध्ये गेला तो आलाच नाही.

कोराडी रोड:
बयाण्याचं काय झालं?

खापरी लोकल:
पावतीच्या मागे बारीक अक्षरात "परत मिळणार नाही" छापलंय. बाबांना अजून सांगितलं नाही.

प्रतापनगरचे काका:
उद्या किती वाजता जातो सांग. मी येतो सोबत.