फिल्टर असला तरी नियमावली हवीच

शाळेच्या इंटरनेटवर नको त्या साइट अडवणारा चांगला फिल्टर बसवला की मुलांच्या इंटरनेट वापरासाठी वेगळी नियमावली कशाला, असं काही जण म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. मुलाने स्वतःच्या मोबाइलचा डेटा सुरू केला की शाळेच्या वायफायवरचा फिल्टर तिथेच संपतो. शिवाय नुसते शब्द पाहून अडवणारे फिल्टर भलतंच अडवतात. १९९६ साली एओएल या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावातली काही अक्षरं शिवीशी जुळत होती.

म्हणून अडवलेली साइट कोण उघडून देणार आणि किती दिवसांत, हे नियमावलीत लिहिलेलंच हवं. मी शिकवते त्या शाळेत ते नव्हतं. स्तनांच्या कर्करोगावर प्रकल्प करणाऱ्या मुलींना पानंच उघडेनात. विचारायचं कुणाला हे ठाऊक नाही, म्हणून त्यांनी गुपचूप विषय बदलला. मला फार उशिरा कळलं, आणि अजूनही वाईट वाटतं.