‘रिपीटेड मेजर्स’ला मराठीत काय म्हणावे? आणि तक्ता ‘लांब’ की ‘उभा’?

साखळीहून
नमस्कार. प्राणिशास्त्राच्या एमएस्सीचा प्रकल्प मी मराठीतही लिहून काढते आहे. ज्या गावच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) मी दोन महिने बसले, तिथल्या लोकांना तो वाचता यायला हवा, एवढेच त्यामागचे कारण. मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) चिखलात फिडलर खेकडे आहेत, ज्यांच्या नराची एक नांगी भलीमोठी असते ते. सुकतीला खेकडा बिळाबाहेर आला की त्याच्यावरून पुठ्ठ्याची सावली फिरवायची. तो आत पळाला की स्टॉपवॉच सुरू करायचे आणि परत बाहेर येईपर्यंतचे सेकंद लिहायचे. काही वेळा सावलीऐवजी शेजारी काठीचा ठोका. असे १२ खेकडे, प्रत्येकी सहा वेळा. या ‘रिपीटेड मेजर्स’ना मी ‘पुनर्मापन’ लिहिले, आणि तक्त्याच्या लाँग (प्रत्येक मापाला एक ओळ) व वाइड (प्रत्येक खेकड्याला एक ओळ) फॉरमॅटला ‘लांब’ आणि ‘रुंद’. बाबांनी वाचून विचारले, “पहिले माप चुकले होते काय गो?” दुसरा शब्द सुचवाल का?

फोंड्याहून
बाय, बाबांनी नेमके बोट ठेवले. ‘पुनर्’ आणि ‘फेर’ लावले की मराठी माणसाला वाद आठवतो. जमिनीची फेरमोजणी होते ती पहिली मान्य नसते म्हणून, मतांचीही तशीच. तुझी सहाही मापे खरी आहेत, एकाने दुसऱ्याला खोडलेले नाही. म्हणून ‘पुनर्मापन’ नको.

‘पुनरावृत्त मापन’ त्यापेक्षा बरे, पण त्यातही मुख्य गोष्ट निसटते. माप पुन्हा घेतले हे कळते, ते त्याच खेकड्याचे घेतले हे कळत नाही. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने एका माणसाने केली काय किंवा एकवीस जणांनी एकेक केले काय, आवर्तने एकवीसच. संख्याशास्त्रात मात्र या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धीट खेकडा सहाही वेळा लवकर बाहेर येतो, बुजरा सहाही वेळा उशीर करतो. एकाच खेकड्याची मापे एकमेकांसारखी असतात, जणू एका घरची भावंडे. त्यांना ७२ परक्या माणसांसारखे मोजले तर निष्कर्ष आहे त्याहून पक्का दिसतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांवर लिहिताना या चुकीला ‘स्युडोरेप्लिकेशन’ असे नाव दिले, आणि तेव्हापासून परीक्षक तिच्यावर नजर ठेवून असतात.

मी स्वतः यात सापडले आहे. शिकत असताना आठ निवटे घेऊन प्रत्येकाची दहा मापे घेतली आणि तक्त्याखाली ‘एकूण ८०’ लिहून मोकळी झाले. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न आला, “मासे किती होते?” तेव्हापासून मी दोन शब्द कधी एकमेकांत मिसळू देत नाही: ‘नग’ आणि ‘खेप’. नग म्हणजे जीव, मोजायचे एकक. बाजारात इसवण नगावर घेतो, तारले वाट्यावर, त्यातलाच हा नग. खेप म्हणजे त्याच नगाकडे परत जाणे. तुझ्याकडे नग १२, खेपा ६, नोंदी ७२. प्रकल्पात हे तिन्ही आकडे याच नावांनी लिही. आणि ‘रिपीटेड मेजर्स’ला सरळ ‘एकाच नगाची अनेक मापे’ म्हण. चार शब्द लागतात, पण बाबांना पुन्हा विचारावे लागणार नाही.

‘खेप’ मला ‘आवर्तन’पेक्षा आणखी एका कारणासाठी आवडते. तालाचे प्रत्येक आवर्तन मात्रांना सारखे असते. तुझा खेकडा सहाव्या खेपेला पहिल्यासारखा राहत नाही, तो सरावतो. सावलीने काही बिघडत नाही हे त्याच्या अंगवळणी पडते. ‘हॅबिच्युएशन’ला ‘सरावणे’ हे आपले जुने क्रियापद किती चपखल बसते बघ. फक्त ‘सराव’ हे नाम टाळ, त्यात मुद्दाम केलेल्या तालमीचा वास येतो. आणि खेपेचा क्रमांक तक्त्यात हवाच. तो गेला की खेकडा सरावला हे दाखवण्याची वाट बंद.

पेडण्याहून
मी शास्त्रातला नव्हे. देवस्थानचे हिशेब बरीच वर्षे लिहितो. खेकडा मला ताटातलाच ठाऊक, पण ‘लांब’ आणि ‘रुंद’ यावर बोलतो. आयताची लांबी म्हटली की आम्ही मोठी बाजू धरतो, आणि पाटावर, शेतात, कागदावर ती बहुधा आडवी पडलेली असते. सहा रकाने शेजारी शेजारी मांडले तर मी त्याला ‘लांब तक्ता’ म्हणेन. तुम्ही त्यालाच रुंद म्हणता. म्हणजे उलटे झाले. ‘उभी मांडणी’ आणि ‘आडवी मांडणी’ म्हणा, घोळ मिटला.

दुसरे, हे दोन्ही कागद आपल्याकडे केव्हापासून आहेत. शाळेचा हजेरीपट: एका मुलाला एक ओळ, तारखांचे रकाने उजवीकडे वाढत जातात. ही तुमची आडवी. आणि रोजकीर्द: जो व्यवहार झाला त्याची एक ओळ, तारीख, नाव, रक्कम. तेच नाव महिन्यात दहा वेळा येते, त्याची लाज नाही. ही तुमची उभी. आणि कीर्दीवरून एकेकाच्या खात्यात उतरवणे म्हणजे खतावणी, म्हणजे उभीची आडवी करणे.

फोंड्याहून
काका, इतकी वर्षे शिकवताना मला हजेरीपट आणि कीर्द सुचले नाहीत, याचे वाईट वाटते. “तेच नाव दहा वेळा येते, त्याची लाज नाही” हे वाक्य मी मुलांना सांगणार. उभ्या मांडणीत मुले नेमकी इथेच अडखळतात. ‘अ७’ असे एकाच खेकड्याचे नाव सहा ओळींत लिहायचे त्यांना नको वाटते, म्हणून एकदा लिहून खालचे पाच चौकोन रिकामे सोडतात, किंवा एकत्र जोडून टाकतात. कागदावर ते नीट दिसते. संगणकाला मात्र त्या पाच नोंदी निनावी वाटतात. कीर्दीत नाव गाळून चालत नाही, तसेच हे.

एक दुरुस्ती मात्र सुचवते. खतावणीत प्रत्येक खात्याखाली नोंदी पुन्हा ओळीनेच येतात, त्यामुळे तिला आडवी मांडणी म्हणता येणार नाही. हजेरीपटाची उपमा पक्की आहे, तीच ठेवू.

आता बाय, तुझ्या कामाला कोणती? एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालीच्या मेनूतून रिपीटेड मेजर्स अनोव्हा (सरासऱ्यांतला फरक तपासण्याची पद्धत) करायचा तर ते आडवी मांडणी मागते, नगाला एक ओळ. मिक्स्ड मॉडेलला (नगानगांतला फरक हिशेबात धरणाऱ्या पद्धतीला) उभी लागते, खेपेला एक ओळ. ‘आर’ ही दुसरी प्रणाली वापरत असशील तर ‘पिव्हट लाँगर’ने आडवीची उभी होते, ‘पिव्हट वायडर’ने उलट. मी उभीच लिहायला सांगेन, तीही चिखलातल्या वहीपासून. कारण खेकडे हजेरीपट पाळत नाहीत. चौथ्या खेपेला भरती आली, माप राहिले. आडव्या मांडणीतल्या अनोव्हात त्या एका रिकाम्या चौकोनापायी साधारणतः अख्खा खेकडा बाद होतो, उरलेली पाच मापे वाया. मिक्स्ड मॉडेल त्या पाचांवर काम करते. शिवाय कधी सावली, कधी ठोका हे खेपेगणिक बदलते. ते उभ्या मांडणीत एका रकान्यात मावते, आडवीत रकान्यांच्या नावांत कोंबावे लागते.

साखळीहून
मॅडम, काका, खूप आभार. रात्री पहिल्या खेकड्याच्या नोंदी उभ्या करून पाहिल्या. शीर्षके अशी ठेवली: खेकडा, जागा, तारीख, खेप, कशाने बुजवले, सेकंद. पहिल्या तीन ओळी देते.

अ१, मानस, १२ जानेवारी, १, सावली, ९४
अ१, मानस, १२ जानेवारी, २, सावली, ६१
अ१, मानस, १२ जानेवारी, ३, ठोका, ०

तिसऱ्या ओळीत तो पाच मिनिटांत बाहेर आलाच नाही, म्हणून शून्य. हे बरोबर ना? आणि बांधाच्या पलीकडच्या खेकड्यांनाही १ पासूनच क्रमांक दिले आहेत.

फोंड्याहून
शीर्षके छान, ‘कशाने बुजवले’ तर गावातला कोणीही वाचेल. शून्य मात्र आजच्या आज काढ. शून्य सेकंद म्हणजे तो लपला आणि त्याच क्षणी बाहेर आला, सगळ्यांत धीट. तुझा खेकडा तर सगळ्यांत जास्त बुजला होता. त्या जागी ३०० लिही आणि शेजारी ‘बाहेर आला का’ असा रकाना करून तिथे ‘नाही’. म्हणजे ३०० हे माप नसून आपण थांबलो ती वेळ आहे, हे विश्लेषणाला सांगता येईल. भरतीमुळे राहिलेले माप ही आणखी वेगळी गोष्ट, तिथे चौकोन रिकामा. ‘शून्य’, ‘आला नाही’ आणि ‘मोजलेच नाही’ हे तीन वेगळे शब्द आहेत, तक्त्यातही ते वेगळेच दिसले पाहिजेत.

क्रमांकांचे म्हणशील तर मानशीजवळचा अ१ आणि बांधापलीकडचा अ१ संगणकाला एकच जीव वाटेल. दोघांच्या बारा खेपा एकाच्या नावावर चढतील आणि तुझे नग कमी होतील. पलीकडच्यांना ब१, ब२ कर. अक्षर जोडलेस हे चांगले केलेस, नुसते १, २, ३ असते तर संगणकाने ते नाव न मानता परिमाण मानले असते, जणू खेकडा सहा हा खेकडा तीनच्या दुप्पट.

पाठीवरच्या नेलपॉलिशच्या खुणा अजून शाबूत असतील तर उद्याच्या सुकतीला जाऊन एकेक बीळ वहीशी ताडून घे. नावे बदलायची ती तिथे उभी राहूनच बदल.