मदत हवी आहे: कोल्हापूर ते नागपूर, विमानात प्रत्यक्ष किती वेळ जातो?

मी मुंबईत, गोरेगावला असतो. आत्याला कोल्हापुरातून नागपूरला न्यायचं आहे. तिला पोर्टेबल ऑक्सिजन मशीन लागतं, म्हणून वेळेचा एवढा काथ्याकूट. मशीनची बॅटरी प्रवासाच्या निदान दीडपट वेळ पुरावी, अशी अट विमान कंपन्या सहसा घालतात.

नकाशावर मोजलं तर दोन्ही विमानतळांतलं हवाई अंतर साधारण ७०० किलोमीटर भरतं. एटीआर (पंख्याचं छोटं विमान) ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे दीड तासाच्या आत. जेट असेल तर तासाभराचा मामला. पण हा झाला कागदी हिशोब. उड्डाण, उतरणं, धावपट्टीवरची रांग यात धरलेली नाही. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतची असते, हेही माहीत आहे. कस्टमर केअरला विचारलं, तर तिकिटावरचीच वेळ वाचून दाखवली.

महाराष्ट्र एक्सप्रेस सुचवू नका, चोवीस तासांवर प्रवास तिला झेपणार नाही. मुंबईमार्गे विमान बदलणंही नको. डॉक्टरांचं प्रमाणपत्र तयार आहे, व्हीलचेअर सांगणार आहोत.

अलीकडे या मार्गावर थेट गेलेल्यांनी कृपया सांगा: विमान कोणतं होतं आणि दार बंद झाल्यापासून नागपूरला दार उघडेपर्यंत किती वेळ गेला? आणि बॅटरीची दीडपट कशावर धरतात, तिकिटावरच्या वेळेवर की विमानतळावर थांबण्याचा वेळ मिळवून?